खचातुरियननंतरही बरंच आहे

आर्मेनियन शास्त्रीय संगीत अराम खचातुरियन या संगीतकारापाशी संपतं, असं कुणीतरी म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. संगीतकार तिग्रान मन्सुरियन ऐकून पाहा.

त्यांचा जन्म १९३९ चा, बैरुतमधल्या आर्मेनियन कुटुंबात. १९४७ मध्ये हे कुटुंब सोव्हिएत आर्मेनियात आलं. येरेवानच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात ते शिकले, पुढे तिचे प्रमुखही झाले. दिग्दर्शक परजानोव यांच्या ‘द कलर ऑफ पॉमग्रॅनेट्स’ या चित्रपटाचं संगीत त्यांचंच.

पण खरी ताकद दिसते ती ‘रेक्विएम’मध्ये (२०११), म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेवरच्या रचनेत. १९१५ पासूनच्या आर्मेनियन नरसंहारातल्या मृतांना ते अर्पण केलंय. शब्द लॅटिन प्रार्थनेचे, सुरावटींची जातकुळी मात्र आर्मेनियन चर्चमधल्या जुन्या स्तोत्रांची. एवढ्या मोठ्या दुःखावर लिहिताना कुठेही आरडाओरडा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

एकदम ‘रेक्विएम’ जड वाटलं तर आधी ‘हायरेन’ हा अल्बम घ्या. त्यात किम कश्कश्यान यांचा व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ) आहे आणि आर्मेनियन संगीतकार कोमितास यांची गाणी मन्सुरियन स्वतः गायलेत. गायकाचा कमावलेला आवाज नाही तो, पण प्रत्येक शब्द आतून येतो.