गणपतीला गावी जाताना दातांसाठी काय सोबत ठेवायचं?

चाकरमानी_सून:
यंदा पण गौरी-गणपती करूनच परत येणार, गाव गुहागरच्या पुढे. सासूबाईंच्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट आहे, आत औषध घालून वरून टेम्पररी फिलिंग केलंय, डॉक्टर म्हणाले परत आलात की बाकीचं उरकू. त्यात त्यांना शुगर. आणि पोरं दोन, मोठा नऊचा धाकटी पाचची, दिवसभर खळ्यात क्रिकेट नाहीतर चिऱ्याच्या पायऱ्यांवरून उड्या. गावात दातांचा डॉक्टर नाही आणि त्या दिवसात शृंगारतळीपासून चिपळूणपर्यंत प्रत्येकाच्या घरी गणपती, दवाखाना कोण उघडा ठेवणार? काय काय नेऊ?

खवय्या_ठाणेकर:
लवंगेचं तेल, बस. आमच्या आत्याची कॅप ऐन गणपतीत निघाली तर तिने फेविक्विकने चिकटवली आणि सगळ्या आरत्या म्हटल्या 😄

दंतू:
फेविक्विक अजिबात नको हो, हिरडी भाजते आणि कॅप वाकडी बसली तर नंतर काढताना आमचे हाल. निघालेली कॅप डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका, नुसती अडकवून झोपू तर मुळीच नका, झोपेत घशात जाते. लवंग तेल ठीक, पण कापसावर थेंबभर, बाटली ओतायची नाही. आणि दुखऱ्या दाढेपाशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारे अजून भेटतात, त्याने गालाची आतली कातडी पांढरी पडून जळते.

ताई, सासूबाईंचं आधी बघा. निघायच्या आधी एकदा दाखवून फिलिंग घट्ट आहे ना बघून घ्या, एक्स-रे मोबाईलवर मागून घ्या. दुखलं तर कुठली गोळी, तेही त्यांनाच विचारा, कारण शुगरबरोबर बीपी किंवा किडनीचं काही असेल तर ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने द्यायच्या नसतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या तर नकोच. उकडीचे मोदक खुशाल खाऊदेत, चिक्की नको.

नुसता ठणका असेल तर गोळीवर एखाद दिवस निघतो. पण गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा हनुवटीखाली सूज उतरली तर विसर्जनाची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. शुगर असलेल्या माणसात इन्फेक्शन फार लवकर पसरतं. बाहेरून गरम शेक देऊ नका. श्वासाला त्रास वाटला तर थेट १०८.

चाकरमानी_सून:
बापरे, उद्याच फोन करते. आणि पोरांचं? दात पडला तर?

दंतू:
धाकटीचा दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, दाखवून घ्या, झालं.

मोठ्याचे पुढचे दात मात्र पक्के. अख्खा निघाला तर पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर थंड पाण्याखाली पाच-दहा सेकंद, घासायचा नाही की पुसायचा नाही, त्या मुळावरचा पातळ थर जिवंत राहिला तरच दात परत धरतो. पोरगा शुद्धीत असेल, रडणं आवरलं असेल तर तिथेच खाचेत सरळ बसवा, रुमाल चावायला द्या आणि निघा. हिंमत होत नसेल तर दात दुधात टाका, पाण्यात नाही. अर्ध्या तासात डॉक्टर मिळाला तर उत्तम, तास उलटला की आशा कमी होत जाते, तरी दात फेकू नका, घेऊनच जा. डॉक्टर तो शेजारच्या दातांना तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा.

चाकरमानी_सून:
दूध कुठलं पण? गावी म्हशीचं घरचं असतं.

दंतू:
कुठलंही साधं, थंड. पिशवीचं पण चालेल. गरम नको आणि आजीने हळद-साखर घातलेलं नको 🙂

वाशिष्ठीकाठ:
खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर हॉस्पिटल. जबड्याला मार किंवा मोठी सूज असेल तर डेरवण बरं. गणपतीत कोण कधी असतं ते मात्र निघण्याआधी फोन करून विचारा, आणि नंबर कागदावर लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवा, आमच्याकडे पाऊस लागला की रेंज जाते ती जातेच, मग मोबाईलमधला नंबर बघायला पण चार्जिंग नसतं.