माळ ‘पडीक’ कुणी ठरवला?

माळकंद: केंद्राच्या 2019 च्या वेस्टलँड ॲटलासनं, म्हणजे पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहानं, देशाची 16.96 टक्के जमीन पडीक धरलीय. त्याच्या 23 वर्गांत झुडपी माळ आणि वाळूचे ढीग एकाच पंगतीला. ‘पडीक’ शिक्का बसला की पुढचं ठरलेलं: 45 सेंमीचे चौकोनी खड्डे, ग्लिरिसिडियाची रोपं, जुलैत फोटो. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि सावलीत पवन्या-मारवेलसारखं चाऱ्याचं गवत विरळ होत जातं. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, त्याला लांबवर नजर पोचणारा माळ लागतो. आपण मात्र ‘माळरानावर नंदनवन’ अशा मथळ्यांवर खूश!

सातबारा: शब्दाला फार भाव देताय. सोलापूरकडच्या किती गायरानांत पवन्या उरलाय? अतिचराईत आधी मारवेल-पवन्या जातं, कुसळी गवत माजतं, शेवटी उघडा मुरूम. त्याला ‘गवताळ परिसंस्था’ म्हटलं म्हणून काडी उगवणार आहे का?

माळकंद: बिघडलेले माळ आहेतच. पण मग बिघडलेला म्हणा, म्हणजे आधी तिथं काय होतं हे विचारावं लागेल. पहिल्या पावसाबरोबर मारवेलाचे ठोंब लावायचे, दोन हंगाम चराई बंद, कापणी बी झडल्यावरच. यात खड्डा कुठेच नाही.

कातळवासी: कोकणातल्या सड्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराचंही तेच. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य. जांभ्यावर माती जेमतेम चार बोटं, नत्र इतकं कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपटी किडे खाऊन भागवतात. तरी कलमांसाठी कातळ फोडून मीटरभराचे खड्डे, त्यात बाहेरची माती. उलट साताऱ्याजवळच्या कासला ‘फुलांचं पठार’ म्हटलं, तर गर्दीनं तुडवलं. कुंपण घातलं, गुरं थांबली, गवत माजलं, फुलं घटल्याची ओरड झाली. शेवटी कुंपण काढलं.

सातबारा: म्हणजे गोड नावानंही घात झालाच की! खरी अडचण नकाशात आहे. एप्रिलच्या उपग्रहचित्रात वाळलेलं गवत आणि उघडी जमीन सहज वेगळी काढता येत नाही. ऑक्टोबरचं चित्र शेजारी ठेवा, मग माळावर उतरून 1 मीटरच्या चौकटीत गवतं जातवार मोजा. नाव त्यानंतर.

माळकंद: चौकट मान्य. पण तीत नुसती कुसळीच निघाली, तर कागदावर काय लिहिणार?