शेंगाचटणी : मिक्सर की उखळ?

घरची शेंगाचटणी कोरडी भुकटी होते, सोलापूरच्या खाणावळीतल्यासारखी तेलकट होत नाही, अशी तक्रार काही जण करतात. दोष बहुधा मिक्सरच्या वेगाचा असावा. मंद आचेवर भाजून सोललेले दाणे लसूण, जिरे, तिखट व मीठ घालून उखळात कांडत राहिले, की दाण्यांचेच तेल सुटते आणि चटणीचा गोळा वळू लागतो. उखळ नसल्यास मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा व शेवटी खलबत्त्यात कुटावे. आमच्या गल्लीतल्या खाणावळीत ही चटणी दह्यात कालवून कडक भाकरीबरोबर देतात. भाकरीसाठी मात्र मी मंगळवेढ्याचीच ज्वारी आणतो. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्या घरी ती त्याच्या कितीतरी आधीपासून येते.