मदत हवी आहे: ड्राइव्हची जुनी लिंक सातारला उघडते, सांगलीत उघडत नाही

कृष्णाकाठ

मंडळी, हा धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचे आजोबा सांगलीतल्या हौशी नाटकांना प्रॉम्प्टर म्हणून बसायचे. त्यांच्या हातच्या नकलांच्या, म्हणजे पात्रांचे संवाद उतरवलेल्या वह्या आणि दोन-तीन अख्ख्या संहिता गावभागातल्या आमच्या घरी कपाटात होत्या. पेटीवाल्यासाठी समासात लिहिलेल्या सूचनाही त्यात होत्या. 2015 च्या दिवाळीत आतेभाऊ आला होता. त्याने बसून सगळं स्कॅन केलं, गूगल ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाकलं आणि घरातल्या सगळ्यांना मेलवर लिंक पाठवली. वह्या घरातच, त्यामुळे मला ती लिंक उघडायची कधी गरज पडली नाही. मग 2019 च्या ऑगस्टमधला पूर आला. कपाट पाण्यात गेलं आणि वह्यांचा लगदा झाला.

आता 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, गल्लीतली पोरं त्यातला एक प्रवेश वाचायचं म्हणतायत. म्हणून तो जुना मेल शोधून काढला आणि लिंक दाबली, तर 'ॲक्सेस हवा आहे, विनंती करा' असं येतं. विनंती केली, उत्तर नाही. आतेभाऊ परदेशात असतो, ते मेल खातं तो फारसं बघत नाही.

गंमत म्हणजे सातारला माझा थोरला भाऊ असतो, त्याच्या फोनवर हीच लिंक सरळ उघडते. त्याने माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवली. मेल तोच, लिंक तीच. हे काय गौडबंगाल आहे?

मिरजजंक्शन

ताई, फोनमध्ये एकापेक्षा जास्त गूगल खाती आहेत का? बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. मेल एका खात्यावर आलेला असतो आणि ड्राइव्ह उघडतं दुसऱ्याच खात्यातून. ड्राइव्ह ॲपमध्ये वर उजवीकडे फोटोचा गोल असतो, तिथे दाबून खातं बदलून बघा. संगणकावर असाल तर पत्त्याच्या पट्टीत 'यू', तिरपी रेघ आणि शून्य किंवा एक असा आकडा दिसतो. शून्य म्हणजे तुम्ही आधी लॉगिन केलेलं खातं, एक म्हणजे त्यानंतरचं.

कृष्णाकाठ

दोन खाती आहेत, एक माझं आणि एक शाळेचं. दोन्हींतून पाहिलं. तेच येतं.

हळदपेठ

लिंक हाताने टाइप केली का? त्या लिंकांमध्ये कॅपिटल आय आणि स्मॉल एल सारखेच दिसतात, शून्य आणि ओचाही तसाच गोंधळ होतो. व्हॉट्सॲपवरून आली असेल तर शेवटचा पूर्णविराम चिकटून जातो तो वेगळाच.

कृष्णाकाठ

नाही, मेलमधल्या लिंकवरच बोट ठेवलंय.

जुनाखोड

म्हणून मी म्हणत असतो, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलेलं सामान. एक पेनड्राइव्ह घरात ठेवला असता तर ही वेळ आली नसती.

कृष्णाकाठ

होता की. त्याच कपाटात होता.

मिरजजंक्शन

😄 जुनाखोड, आता बोला.

टेंभूचंपाणी

ताई, एक करून बघा. दादांना त्यांच्याच फोनवर क्रोममध्ये इनकॉग्निटो, म्हणजे कुठलंही खातं लॉगिन नसलेली खाजगी खिडकी उघडायला सांगा आणि लॉगिन न करता तीच लिंक त्यात चिकटवायला लावा. काय येतं ते इथे लिहा. आणि लिंकमध्ये 'फोल्डर्स' या शब्दानंतर जी लांबलचक अक्षरं सुरू होतात त्यांतली पहिली दोन कोणती आहेत? शून्य आणि कॅपिटल बी?

कृष्णाकाठ

इनकॉग्निटोमध्ये दादालाही उघडलं नाही, लॉगिन करा म्हणतंय. आणि हो, शून्य आणि बीच आहे! तुम्हाला कसं कळलं?

टेंभूचंपाणी

अंदाज होता. तुमचा फोन ठीक आहे, खातं ठीक आहे आणि आतेभावांनीही काही बंद केलेलं नाही.

ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलला, फोल्डरला एक आयडी असतो. पूर्वीचे आयडी शून्य-बीने सुरू व्हायचे, नंतरचे एकने सुरू होतात आणि लांबही असतात. 13 सप्टेंबर 2021 पासून गूगलने सुरक्षेचा एक बदल लागू केला. त्यात काही जुन्या फायली आणि फोल्डरच्या लिंकला शेपूट जोडलं गेलं, त्याला 'रिसोर्स की' म्हणतात. म्हणजे 'लिंक असेल त्या कोणालाही दिसेल' असं सेटिंग असलं तरी नुसता आयडी आता पुरत नाही, मागे ती की लागते. तुमच्याकडे आहे ती 2015 ची लिंक. तिला शेपूट कुठून असणार?

मग दादांना कशी उघडते? तर ज्यांनी त्या बदलाच्या आधी आपल्या खात्यातून तो फोल्डर एकदा का होईना उघडून पाहिला होता, त्यांची वाट गूगलने चालू ठेवली. दादांनी तेव्हा पाहिला असणार. म्हणून लॉगिन असताना दिसतो आणि इनकॉग्निटोत दिसत नाही. तुम्ही कधीच उघडला नव्हता, त्यामुळे तुम्ही गूगलच्या दृष्टीने परक्या.

उपाय दादांकडेच आहे. त्यांनी आपल्या खात्यातून फोल्डर उघडायचा, तीन टिंबांवर दाबून 'लिंक कॉपी करा' करायचं आणि ती नवीन लिंक तुम्हाला पाठवायची. जुना मेल फॉरवर्ड करून चालणार नाही. नवीन लिंकमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे 'रिसोर्सकी' असं लिहिलेलं दिसेल. काही लोकांना प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं कापून लिंक आखूड करायची सवय असते. 'यूएसपी' वगैरे असेल तर कापलं तरी बिघडत नाही, इथे मात्र एक अक्षरही कापू नका.

हळदपेठ

भले! हे मला पण नवीन. मधे घुसतोय, पण माझ्याकडे एका व्यापाऱ्याने ड्रॉपबॉक्सवर बिलं पाठवली आहेत. उघडली की नुसती दिसतात आणि सारखं खातं काढा म्हणतं. त्याचं काय?

टेंभूचंपाणी

लिंकच्या शेवटी 'डीएल बरोबर शून्य' असेल, त्या शून्याचा एक करा. फाइल थेट डाउनलोड होते. पाठवणारा ओळखीचा असेल तरच हं. आणि बिल दाखवण्यासाठी कोणी ओटीपी किंवा मेलचा पासवर्ड मागत असेल तर ते पान तिथेच बंद करायचं.

कृष्णाकाठ

उघडलं!!! दादाने नवीन लिंक पाठवली आणि पहिल्या झटक्यात उघडलं. आजोबांचं अक्षर इतक्या वर्षांनी दिसलं. टेंभूचंपाणी, पुढच्या वेळी सांगलीत आलात की भडंग माझ्याकडून.

आता पुढचे प्रश्न. एक, मी 'ड्राइव्हमध्ये शॉर्टकट जोडा' केलंय, म्हणजे माझ्याकडे आलं ना? दोन, त्यात एक वर्डची फाइल आहे, एका संहितेचं कुणीतरी टायपिंग केलेलं. ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, वाचता काही येत नाही.

टेंभूचंपाणी

शॉर्टकट म्हणजे नुसता बाण. आतेभावांच्या खात्यातलं मूळ फोल्डर उडालं की बाण दाखवायला काही राहणार नाही. कचऱ्यात टाकलेली फाइल ड्राइव्ह 30 दिवसांनी कायमची पुसतं. त्याहून मोठी भीती दुसरी आहे. सलग 2 वर्षं न वापरलेली खाती गूगल आतल्या मालासकट काढून टाकू शकतं, डिसेंबर 2023 पासून ते काम सुरूही झालंय. 'ते खातं तो फारसं बघत नाही' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. आजच फोन करून त्यांना एकदा लॉगिन करायला लावा. लॉगिन केलंच आहे तर तुम्ही केलेली विनंतीही मंजूर करतील.

आणि स्वतःची खरी प्रत करून घ्या. अख्ख्या फोल्डरवर 'प्रत बनवा' चालत नाही. संगणकावर बसा, फोल्डरच्या आत जा, सगळ्या फायली निवडा आणि मग प्रत बनवा. या प्रती तुमच्या 15 जीबीतून जागा खातील, त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात. नाहीतर फोल्डर डाउनलोड करा. त्याची झिप होते, मोठा असेल तर झिपचे तुकडे पडतात आणि फायली त्यांत विखुरतात. सगळे तुकडे उतरल्याशिवाय 'काही पानं नाहीतच' असं म्हणू नका.

अक्षरजुळारी

वर्डच्या फाइलचं मी सांगतो, 1998 पासून डीटीपी करतोय. फाइल खराब नाही. तेव्हा टायपिंग श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं, आता सगळीकडे चालतं त्या युनिकोडमध्ये नाही. फाइलमध्ये प्रत्यक्ष साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठीचं रूप देतो तो फॉन्ट. तुमच्या फोनवर तो फॉन्ट नाही, ड्राइव्हकडेही नाही, म्हणून हा काला दिसतो. एक मात्र सांभाळा: ती फाइल गूगल डॉक्समध्ये उघडून तिथेच दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइल डाउनलोड करा. ज्याच्या संगणकावर श्रीलिपी आहे अशा जुन्या डीटीपीवाल्याकडे न्या. फाइल उघडून आधी फॉन्टचं नाव बघायला सांगा, कारण श्रीलिपीतही वेगवेगळे संच आहेत. वाचायला पीडीएफ काढून घ्या आणि जमलं तर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, तेव्हा स्कॅन शेजारी ठेवून एकदा ताडून बघा.

कृष्णाकाठ

खणभागात एक जुने लग्नपत्रिकावाले आहेत, त्यांच्याकडे असणार. उद्या फाइल घेऊन जाते. आतेभावाला फोन लागला, त्याला पासवर्ड आठवत नव्हता, पण त्याच्या जुन्या टॅबमध्ये ते खातं उघडंच निघालं. विनंती मंजूर झालीय. प्रती काढायला भाचीला बसवलंय.

जुनाखोड

एक पेनड्राइव्हवर पण घ्या. आणि तो सातारला ठेवा.