भाल्याला बांधलेलं पत्र

रोमन सेनापती ज्युलियस सीझर गुप्त निरोप लिहिताना प्रत्येक अक्षर वर्णमालेत तीन घरं पुढे सरकवायचा (आपल्या भाषेत 'क'च्या जागी 'घ'). पण ऐन लढाईत त्याने याहून साधी युक्ती वापरली होती. इ.स.पू. ५४ मध्ये गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग) त्याचा सरदार क्विंटस सिसेरो याच्या छावणीला वेढा पडला होता. 'मी निघालोय, धीर सोडू नका' असं पत्र सीझरने ग्रीक लिपीत लिहिलं, शत्रूच्या हाती पडलं तरी वाचता येऊ नये म्हणून. निरोप्याला सांगून ठेवलं, आत शिरता आलं नाही तर भाल्याच्या वादीला पत्र बांध आणि भाला आत फेक. त्याने फेकला. तो नेमका एका बुरुजात रुतून बसला आणि दोन दिवस कोणाचं लक्षच नाही! तिसऱ्या दिवशी एका शिपायाला दिसला, तेव्हा कुठे पत्र सिसेरोपर्यंत पोचलं. हा किस्सा सीझरनेच लिहून ठेवलाय.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस तर एकच घर सरकवायचा, आणि 'एक्स'साठी (तेव्हाच्या लॅटिन वर्णमालेतलं शेवटचं अक्षर) चक्क दोन 'ए' लिहायचा, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. पुन्हा पहिल्या अक्षरावर यायचा कंटाळा असावा, दुसरं काय!