ऊसतोड टोळ्यांच्या पोरांसाठी २५ हजारांत काय करावं? (कराड भाग)

कृष्णाकाठची_ताई
नमस्कार मंडळी. आम्ही दहा जण दर महिन्याला पाचशे-पाचशे काढतो, त्याचे २५ हजार जमलेत. गावाबाहेर तीन टोळ्या उतरल्यात. दोन बीडकडच्या, एक जतची. कोप्यांवर (टोळ्यांच्या झोपड्यांवर) शाळेच्या वयाची ३१ पोरं मोजली.
परवा गेले तेव्हा नऊएक वर्षांची पोर, कडेवर भाऊ, बापाला ऊस वजनाच्या काट्याची पावती वाचून दाखवत होती. टनाचे आकडे धडाधड वाचले. खाली गावाचं नाव होतं, ते काही लागेना. दुसरीत शाळा सुटली म्हणाली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आतून पांढरीफटक, म्हणजे रक्त कमी असणार.
डोक्यात तीन गोष्टी आहेत : एक दिवसाचं आरोग्य शिबिर, हिमोग्लोबिन तपासायचं मशीन, नाहीतर संध्याकाळचा वर्ग. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, चार महिने आहेत. २५ हजारांच्या वर एक रुपया नाही. सांगा.

वाळव्याचा_दादा
ताई, शिबिरच घ्या. आम्ही गेल्या हंगामात घेतलं, दीड लाख गेले, पण चारशे माणूस तपासून झालं! मंडप, जेवण, तीन डॉक्टर. थोडं बजेट वाढवा, दाते मिळतात.

सिस्टर_मिरज
२६ वर्षं नोकरी केली, म्हणून सांगते. शिबिरात तपासलेल्या पोराला पुढच्या आठवड्यात कोण बघणार? मी ज्या शिबिरात होते तिथं एका बाळाचा दंड मोजला, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. म्हणजे तीव्र कुपोषण. चिठ्ठी दिली. चार दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर गेलेली. ते बाळ मला अजून आठवतं.
लोहाच्या गोळ्या विकत घेऊ नका. पाच ते नऊ वर्षांसाठी गुलाबी, दहाच्या पुढं निळी, आठवड्याला एक, सरकारी आणि फुकट असते. आशाताईंना गाठा. उपाशीपोटी नको, चहाबरोबर तर अजिबात नको. लिंबू पिळलेलं काहीतरी द्या. १० फेब्रुवारीला जंताची गोळी असते, त्या दिवशी ही पोरं गावातच असतील, यादी आधी देऊन ठेवा. आणि स्वतः औषधं वाटू नका.

खटावकर७
मशीन घ्या. मी आमच्या मंडळासाठी १८ हजारांना घेतलं, बोटाला टोचलं की लगेच आकडा. पट्ट्या महाग पडतात आणि उन्हात बिघडतात, तेवढं बघा. आमच्या निम्म्या तशाच गेल्या. दुकानदारानं बदलून दिल्या नाहीत.

सिस्टर_मिरज
आणि टोचलेल्या सुया कुठं टाकल्या? पोरं अनवाणी फिरतात तिथं. पापणी पांढरी आहे हे ताईंना मशीनशिवाय कळलंच की. पाच ते अकरा वर्षांच्या पोराला हिमोग्लोबिन साडेअकरा हवं, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतं.

निवृत्त_गुरुजी_पाटण
वर्ग भरवू नका, गावच्या जिल्हा परिषद शाळेत घाला. २००९ च्या कायद्यानं दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. वयाला शोभेल त्या वर्गात बसवावं लागतं. टोळी परत जाताना शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे गावाकडं पुन्हा अडत नाही. खाजगी वर्ग निघाला की शाळा म्हणते, त्यांची सोय झाली. हे मी स्वतः पाहिलंय.
कर्मवीर अण्णांनी ज्या मातीत हे काम केलं तिथं पोरं शाळेबाहेर राहावीत, याचं फार वाईट वाटतं. १९२४ साली साताऱ्यात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली तेव्हा काय होतं हातात?

काले_गावचा
गुरुजी, रयतची स्थापना १९१९ ची, आमच्या काल्यात. १९२४ ला साताऱ्याला हलली.

निवृत्त_गुरुजी_पाटण
बरोबर. मी साताऱ्याच्या वसतिगृहाचं मनात धरून लिहिलं. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या धान्यासाठी मंगळसूत्र मोडलं, ते तिथलं.

वाळव्याचा_दादा
इतिहास राहू द्या. मी पुन्हा सांगतो, शिबिर घ्या. एकदा डॉक्टर आले की बाकी सगळं आपोआप होतं.

जतची_लेक
माझं बालपण कोपीत गेलं. आई तीनला उठायची, भाकरी बांधून अंधारातच फडावर. संध्याकाळी वर्ग ठेवलात तर एकही मुलगी येणार नाही. ती वेळ पाण्याची आणि चुलीची. घ्यायचाच तर दुपारी घ्या. तरी पोरी बाळाला घेऊनच येतील. मी तिसरीत होते तेव्हा धाकटी सहा महिन्यांची. तिला खाली ठेवली की रडायची, म्हणून बाई म्हणाल्या, तू घरी जा. मी गेले ती दोन वर्षांनी परत आले.

खटावकर७
दुपारी वर्ग घेतलात तर मशीनही तेव्हाच वापरता येईल.

कृष्णाकाठची_ताई
सगळ्यांचं दोनदा वाचलं. जतच्या ताईंचं रात्रभर डोक्यातून गेलं नाही.
आम्ही पाळणाघर काढतोय. शिबिर नाही, मशीन नाही, वर्गही नाही. आधी फक्त जतच्या टोळीत, तिथं सहा तान्ही आहेत. वस्तीवर एक मावशी आहेत, अंगणवाडीत मदतनीस होत्या. महिन्याला पाच हजार, चार महिन्यांचे २० हजार. उरलेल्यात चटया, झाकणाचा पिंप, साबण, झोळ्यांना दोर. बाळं दहा ते पाच मावशींकडे, थोरल्या बहिणी शाळेत.

सिस्टर_मिरज
ताई, हे नका करू. बाळ पडलं, अंगावरचं दूध मिळालं नाही, तर बोल तुमच्यावर येईल. सहा तान्ही एका बाईला झेपत नाहीत.

निवृत्त_गुरुजी_पाटण
बाळं अंगणवाडीनं बघावीत. तुम्ही कशाला?

कृष्णाकाठची_ताई
गुरुजी, अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची बसतात. त्याखालच्यांना घरी न्यायला शिधा मिळतो, पोर कोणी सांभाळत नाही.
सिस्टर, तुमची काळजी खरी आहे. आमच्यातल्या दोघी पाळीपाळीनं मावशींबरोबर बसणार. दुधावरची दोन बाळं आहेत, त्यांच्या आया फड जवळ असला तर दुपारी येतील. लांब असला तर त्या दोघांना आम्ही घेणार नाही. दंड मोजायची पट्टी तेवढी मिळवून द्या, दर सोमवारी मोजून वहीत लिहू.
गुरुजी, मुख्याध्यापकांशी बोलायला तुम्ही याल का? चार मुली आहेत, पावती वाचणारी धरून.

निवृत्त_गुरुजी_पाटण
मला पटलेलं नाही. पण गुरुवारी येतो. मुलींची जन्मतारीख आणि आधी कुठल्या शाळेत होत्या ते लिहून ठेवा.

वाळव्याचा_दादा
मंडपाची ताडपत्री माझ्याकडं पडून आहे. सावलीला घेऊन जा.