मदत हवी आहे : रात्रीची धाप, दमा की हृदय?
प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटाच डॉक्टर असतो. परवा पहाटे ३ ला पासष्टीच्या आजी आल्या. आडवं होता येईना, खाटेवरून पाय सोडून, गुडघ्यांवर हात रोवून बसलेल्या. रक्तातला ऑक्सिजन ८२ टक्के, बीपी २१०/१२०, छातीत शिट्ट्या, फुप्फुसांच्या तळाला बुडबुड्यांचा आवाज. मुलगा म्हणाला, "जुना दमा आहे साहेब." जन्म चुलीपुढे गेलेला, म्हणून मीही आधी नेब्युलायझरच लावला. पायांवरची सूज नंतर दिसली, तेव्हा हृदयाची शंका आली! मग ऑक्सिजन, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, शिरेतून फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) ४० मिग्रॅ आणि १०८. गाडी येईपर्यंत उतार पडला.

रात्री एक्स-रे नसतो. सीओपीडीत (धुरामुळे होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के पुरे, हे ठाऊक आहे. पण सीओपीडी आणि हृदय, दोन्हींची शंका असेल तर तुम्ही किती ठेवता? आणि नुसत्या स्टेथोस्कोपवर कसं ओळखता?